वंदे भारतने सोलापूरकरांचा दीड तास खरंच वाचवला का? एका वाक्यातून संशोधन-प्रश्न कसा काढायचा

पीएच.डी.च्या प्रवेशासाठी सिनॉप्सिस लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला तिचं शीर्षक वाचायला दिलं: 'वंदे भारत एक्सप्रेसचा सोलापूर जिल्ह्याच्या सामाजिक व आर्थिक विकासावर झालेला परिणाम : एक चिकित्सक अभ्यास'. तुमच्यापैकी अनेकांच्या वहीत असंच एखादं शीर्षक असेल. गाडीच्या जागी उड्डाणपूल असेल, साखर कारखाना असेल, मोबाइल असेल. माझंही पहिलं शीर्षक याच साच्यातलं होतं. समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "परिणाम मोजणार कसा?" मला उत्तर देता आलं नव्हतं.

या शीर्षकात विषय आहे, पण प्रश्न नाही. 'परिणाम' म्हणजे काय, कोणावर, कशाच्या तुलनेत, हे ठरल्याशिवाय पुढे काहीच करता येत नाही. म्हणून आज हीच गाडी घेऊ आणि तिच्याबद्दलचं एकच साधं वाक्य तपासू: 'वंदे भारतमुळे सोलापूर-मुंबई प्रवासाचा दीड तास वाचला.' कागद-पेन जवळ ठेवा. गणित सहावी-सातवीचंच आहे.

आधी माहिती

सोलापूर–मुंबई वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मुंबईच्या सीएसएमटी स्थानकातून तिला आणि साईनगर शिर्डीच्या वंदे भारतला एकाच दिवशी हिरवा झेंडा दाखवला. गाडी १६ डब्यांची, आसनं ११२८. सुरुवातीच्या वेळापत्रकानुसार ती सोलापूरहून सकाळी ६:०५ ला निघून १२:३५ ला सीएसएमटीला पोहोचायची आणि संध्याकाळी ४:०५ ला तिथून निघून रात्री १०:४० ला सोलापुरात यायची. मधले थांबे चारच: कुर्डुवाडी, पुणे, कल्याण, दादर. नंतर वेळा, थांबे, डबे यांत बदल होत राहतात, म्हणून या लेखातले सगळे आकडे २०२३ सालचे धरा. अभ्यासातही आकडा लिहिला की कोणत्या वर्षाचा, हे सोबत लिहायची सवय आत्ताच लावून घ्या.

त्या वेळी रेल्वेने सांगितलेला हिशोब असा: आधीच्या सुपरफास्ट गाडीला ७ तास ५५ मिनिटं लागत, हिला ६ तास ३० मिनिटं लागतात. फरक ८५ मिनिटांचा. यालाच आपण बोलताना 'दीड तास' म्हणतो. आकडा खोटा नाही. पण हा फरक कशामुळे पडला आणि कोणाच्या उपयोगाचा आहे, हे त्या आकड्यात लिहिलेलं नाही. संशोधकाचं काम इथून सुरू होतं.

पहिला प्रश्न : कमाल वेग की सरासरी वेग?

वंदे भारतची जाहिरात १६० किमी वेगाची. मुंबई–सोलापूर अंतर सुमारे ४५५ किमी. सगळा प्रवास १६० ने झाला असता तर तीन तासही लागले नसते. प्रत्यक्षात लागतात साडेसहा. ४५५ भागिले साडेसहा, म्हणजे सरासरी वेग ७० किमी. म्हणजे १६० हा गाडीचा गुण झाला, प्रवासाचा नाही. प्रवासाचा वेग ठरवतात रूळ, वळणं, घाट, सिग्नल आणि पुढे धावणारी दुसरी गाडी.

आता त्या सरासरीचेही तुकडे करू. सकाळी सोलापूरहून ६:०५ ला निघालेली गाडी पुण्यात सव्वानऊच्या सुमाराला येते. अंतर सुमारे २६३ किमी, वेळ साधारण ३ तास १० मिनिटं, सरासरी वेग ८३. पुण्याहून सीएसएमटी १९२ किमी, वेळ साधारण सव्वातीन तास, सरासरी वेग ५९. दोन तुकड्यांत किती फरक आहे बघा! ७० ही सरासरी दोन्हीपैकी एकाही भागाची नाही. एकट्या सरासरीवर विसंबून 'चर्चा' नावाचं प्रकरण लिहिणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आणि गंमत पुढेच आहे. दख्खनची राणी १ जून १९३० ला सुरू झाली. आजच्या वेळापत्रकात ती सकाळी ७:१५ ला पुण्याहून निघून १०:२५ ला सीएसएमटीला पोहोचते, म्हणजे ३ तास १० मिनिटांत. इंजिनने ओढली जाणारी, वंदे भारतच्या कितीतरी आधीच्या रचनेची ही गाडी पुणे–मुंबई भागात नव्या गाडीइतकाच वेळ घेते. म्हणजे मुंबईकडे येताना वाचलेला वेळ पुण्याच्या पश्चिमेला शोधून फारसा सापडणार नाही. तो पुण्याच्या पूर्वेला, दौंड–कुर्डुवाडीच्या सपाट माळरानावर शोधायला हवा.

इथे थोडं थांबा. आत्तापर्यंत आपण कुठलंही सर्वेक्षण केलेलं नाही, कुठलंही सॉफ्टवेअर वापरलेलं नाही. वेळापत्रकाचे दोन तुकडे केले, इतकंच. तरी 'वंदे भारतचा परिणाम' हा विषय आकसून 'पुणे–सोलापूर भागात वेळ कशामुळे वाचला?' इथपर्यंत आला.

दुसरा प्रश्न : नव्या गाडीत नवीन काय आहे?

पत्रकात घाटाचा उल्लेख ठळक होता: कर्जत–लोणावळा दरम्यानचा भोर घाट ही गाडी बँकर इंजिनाशिवाय चढते. हे कसं जमतं ते समजून घेऊ, कारण 'कारण' आणि 'श्रेय' यांतला फरक इथे छान दिसतो.

भोर घाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर चढते. साध्या भाषेत, गाडीच्या दर ३७ टन वजनामागे साधारण १ टन ओढ फक्त चढासाठी लागते. आता दोन गाड्या घ्या.

पहिली, इंजिनने ओढलेली. २४ डबे, माणसांसह प्रत्येकी ५० टन धरू, म्हणजे १२०० टन. त्यात डब्ल्यूएपी-७ इंजिनाचे १२३ टन मिळवा. एकूण १३२३ टन. भागिले ३७, म्हणजे सुमारे ३६ टन ओढ हवी. ही सगळी ओढ इंजिनाच्या चाकांनी रुळावर पाय रोवून द्यायची, आणि त्या चाकांवर वजन फक्त १२३ टन. म्हणजे वजनाच्या २९ टक्के ओढ. कोरड्या रुळावर हे कसंबसं जमण्याच्या हद्दीवर आहे. पावसाळ्यात ओल्या रुळावर चाकं जागच्या जागी फिरतील. म्हणून कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात.

दुसरी, वंदे भारत. हिला वेगळं इंजिनच नाही. मोटरी डब्यांखाली विभागलेल्या आहेत आणि निम्मे आस चालवले जातात. रिकाम्या गाडीचं वजन ३९२ टन, प्रवासी आणि सामानाचे ७८ टन धरू. एकूण ४७० टन. भागिले ३७, म्हणजे १२.७ टन ओढ. ओढणाऱ्या चाकांवर वजन साधारण निम्मं, २३५ टन. म्हणजे वजनाच्या जेमतेम साडेपाच टक्के ओढ. भर पावसातही घाट चढायला हरकत नाही. थांबल्यावर गाडी मागे घसरू नये म्हणून पार्किंग ब्रेक आहेत. उतरताना याच मोटरी जनित्रासारख्या चालतात आणि काही वीज वरच्या तारेत परत जाते.

सुरेख, नाही का? पण परीक्षकाच्या खुर्चीत बसून बघा. मी २४ डब्यांची गाडी १६ डब्यांच्या गाडीशी तुलनेला उभी केली. हे बरोबर आहे का? १६ डबे घेतले तर इंजिनच्या गाडीचं वजन ९२३ टन होतं, ओढ २५ टन, म्हणजे इंजिनाच्या वजनाच्या २० टक्के. फरक अजून मोठाच आहे, पण २९ विरुद्ध साडेपाच इतका नाही. प्रबंधात असे 'सोयीचे' जोडीदार नकळत निवडले जातात. तुलनेत एकच गोष्ट वेगळी ठेवा, बाकीच्या सारख्या ठेवा, हे ऐकायला सोपं आणि पाळायला अवघड आहे.

आणखी एक. बँकर टाळण्याचा हा एकच मार्ग आहे का? नाही. सीएसएमटी–हजरत निजामुद्दीन राजधानी २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्या दोन्ही टोकांना एकेक इंजिन लावून 'पुश-पुल' पद्धतीने ती कसाऱ्याचा थळ घाट बँकरशिवाय चढू लागली. तोही चढ ३७ ला १. म्हणजे 'नवीन गाडी आली म्हणून घाट सोपा झाला' हे खरं असलं, तरी 'नवीन गाडीशिवाय ते शक्यच नव्हतं' हे खरं नाही. पहिलं वाक्य वर्णन आहे, दुसरं कारणाबद्दलचा दावा आहे. दुसऱ्यासाठी पुरावा वेगळा लागतो.

तिसरा प्रश्न : ८५ मिनिटांचा हिशोब लागतो का?

आता ८५ मिनिटं एकेका कारणाला वाटून बघू. जिथे मी आकडा धरून चाललोय तिथे 'समजा' म्हणेन. तुमच्या अभ्यासात प्रत्येक 'समजा'च्या जागी मोजलेला आकडा यायला हवा.

*झटकन वेग घेणं.* वंदे भारत ० ते १०० किमी वेग ५२ सेकंदांत घेते. वेग घेताना सरासरी वेग निम्मा असतो, म्हणून तोटा निम्म्या वेळेचा, २६ सेकंदांचा. समजा इंजिनच्या गाडीला अडीच मिनिटं लागतात, तर तिचा तोटा ७५ सेकंदांचा. प्रत्येक सुटण्यामागे वंदे भारत सुमारे ५० सेकंद कमावते. ती सुटते किती वेळा? सुरुवातीचं स्थानक आणि चार थांबे, म्हणजे पाच वेळा. एकूण कमाई जेमतेम चार मिनिटं.

हे मला स्वतःला पटायला वेळ लागला. ज्या गुणाचं सगळ्यात जास्त कौतुक होतं, त्याचा या मार्गावरचा वाटा चार मिनिटांचा. झटकन वेग घेणाऱ्या गाडीचा खरा उपयोग जिथे थांबे भरपूर आहेत तिथे होतो. मुंबईची लोकल याच तत्त्वावर चालते. आपण मात्र ती गाडी कमीत कमी थांब्यांसाठी वापरतो.

*थांबे कमी.* समजा जुन्या गाडीपेक्षा सहा थांबे कमी झाले. प्रत्येक थांब्याला थांबायची दोन मिनिटं, वेग कमी करून पुन्हा घ्यायची दोन मिनिटं. सहा चोक चोवीस मिनिटं. यात नव्या तंत्राचं काहीच नाही. जुन्याच गाडीचे सहा थांबे काढले असते तरी ही २४ मिनिटं वाचली असती, आणि त्या सहा गावांचे लोक चिडले असते.

*बँकर.* तो लावायला आणि काढायला समजा एकूण दहा मिनिटं. तीही फक्त मुंबईहून सोलापूरकडे येताना. जाता जाता दख्खनच्या राणीशी ताडून बघा: मुंबईहून पुण्याला यायला तिला सव्वातीन तास लागतात, वंदे भारतला साधारण ३ तास ५ मिनिटं. फरक दहा मिनिटांचा. आपला अंदाज फार चुकीचा दिसत नाही. (पण दोघींचे थांबे वेगळे आहेत, त्यामुळे इतक्यात टाळ्या नकोत.)

चार, चोवीस आणि दहा: अडतीस. उरली ४७ मिनिटं. अर्ध्याहून जास्त!

ही ४७ मिनिटं कुठून आली? इथे तीन शक्यता आहेत. एक, सपाट भागात गाडी जास्त वेगाने धावते. दोन, तिला प्राधान्य मिळतं. ती येताना दुसऱ्या गाड्या बाजूच्या लाइनीवर थांबतात. तीन, ज्या गाडीशी तुलना केली तिच्याच वेळापत्रकात सैलपणा होता. ही तिन्ही गृहीतकं तपासता येतात. तुमच्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण या ४७ मिनिटांत दडलेलं आहे.

चौथा प्रश्न : वेळापत्रकातली वेळ म्हणजे धावण्याची वेळ का?

तिसऱ्या शक्यतेबद्दल थोडं अधिक. प्रत्येक गाडीच्या वेळापत्रकात उशीर भरून काढायला काही जास्तीची मिनिटं ठेवलेली असतात, बहुतेकदा शेवटच्या टप्प्यात. सोलापूर–कुर्डुवाडी अंतर सुमारे ८० किमी. २०२३ च्या वेळापत्रकात सकाळी सोलापूरहून निघाल्यावर हे अंतर पाऊण तासाच्या आसपास कापायचं होतं. रात्री परत येताना त्याच अंतराला दीड तासाहून जास्त वेळ दिलेला होता. रूळ तेच, गाडी तीच. वाढलेला वेळ हा उशिरासाठी ठेवलेला राखीव वेळ आहे, असं मानायला जागा आहे.

१३ मार्च २०२३ ला सुरेखा यादव यांनी ही गाडी सोलापूरहून सीएसएमटीपर्यंत चालवली. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यादव मूळच्या साताऱ्याच्या. वंदे भारत चालवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्या दिवशी गाडी नियोजित वेळेच्या ५ मिनिटं आधी पोहोचली, अशी बातमी होती. यात त्यांचं कौशल्य किती आणि राखीव वेळ किती? एका फेरीवरून सांगता येत नाही. एक निरीक्षण म्हणजे एक गोष्ट, आणि गोष्टीवरून निष्कर्ष काढायचा नसतो. तीन महिने रोज कुर्डुवाडी, दौंड, पुणे इथल्या प्रत्यक्ष वेळा टिपल्या तर मात्र बोलता येईल. गाड्या कुठे, किती वाजता पोहोचल्या हे रेल्वेच्या चौकशी प्रणालीवर रोज दिसतं. रोज रात्री वीस मिनिटं बसून ते वहीत उतरवायचं. कंटाळवाणं आहे, पण विदा अशीच गोळा होते. आणि वंदे भारतबरोबर त्याच वेळी त्या मार्गावर असलेल्या इतर गाड्यांचीही वेळ टिपा. एकीची मिनिटं वाचताना दुसरीची वाढली का, हे त्याशिवाय कळणार नाही. पॅसेंजरमध्ये बसलेल्या माणसाचा वेळही वेळच आहे.

पाचवा प्रश्न : त्याच काळात आणखी काय बदललं?

सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये पोहोचली. भोर घाटातून मुंबईपर्यंत सलग लोहमार्ग व्हायला १८६३ उजाडलं. मुंबई–पुणे मार्गावर वीज आली ती १९२९-३० च्या सुमारास, १५०० व्होल्टची डीसी. मुंबईच्या मुख्य मार्गाचं २५ हजार व्होल्ट एसीत रूपांतर २०१५ मध्ये पूर्ण झालं. वंदे भारत याच एसी विजेवर चालते. पुण्याच्या पूर्वेला तर वर्षानुवर्षं डिझेल इंजिनं धावायची. दौंड–सोलापूर भागाचं दुहेरीकरण आणि विद्युतीकरण गाडी यायच्या थोडंच आधी हातावेगळं झालं.

आता विचार करा. एकेरी मार्गावर समोरून गाडी आली की क्रॉसिंगसाठी थांबावं लागतं. दुसरी लाइन पडली की ते थांबणं गेलं. दौंडला इंजिन बदलायचं कामही विद्युतीकरणाने गेलं. म्हणजे २०२३ पूर्वी आणि नंतर अशी तुलना केलीत, तर दुहेरीकरण, वीज आणि नवी गाडी या तिन्हींचा परिणाम एकत्र मिसळलेला मिळेल आणि सगळं श्रेय शेवटी आलेल्या चकचकीत गाडीला जाईल. रूळ कोणी फोटोत घेत नाही.

यावर उपाय काय? अशी गाडी शोधा जिला फक्त दोन गोष्टी मिळाल्या, तिसरी नाही. ती आपल्याकडे आहे: हुतात्मा एक्सप्रेस. तीही सकाळी सोलापूरहून पुण्याला जाते आणि संध्याकाळी परत येते. तिलाही दुहेरी मार्ग मिळाला, वीज मिळाली, फक्त डब्यांखालच्या मोटरी मिळाल्या नाहीत. तिच्या वेळेत आधी आणि नंतर जो फरक पडला, तो रूळ-विजेचा. त्यापलीकडे वंदे भारतमध्ये जो दिसेल, त्यात नवी गाडी, कमी थांबे आणि प्राधान्य यांचा वाटा. याला नियंत्रण गट म्हणतात. प्रयोगशाळेत तो तयार करता येतो, समाजशास्त्रात शोधावा लागतो.

सहावा प्रश्न : वाचलेला वेळ कोणाचा?

हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सोलापूरहून मुंबईला जायला पिढ्यान्‌पिढ्या लोकांचा भरवसा रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसवर. रात्री साडेदहानंतर बसायचं, झोपायचं, सकाळी मुंबईत. मंत्रालयातलं काम, टाटाला रुग्णाची तपासणी, व्यापाऱ्याची वसुली, दिवसभर करून रात्री परत त्याच गाडीने. आठ तास गेले खरे, पण झोपेत गेले.

वंदे भारतने सकाळी ६:०५ ला निघालेला माणूस १२:३५ ला पोहोचतो. परतीची गाडी ४:०५ ला. मुंबईत हातात किती वेळ? साडेतीन तास. त्यात सरकारी कचेऱ्यांची जेवणाची सुट्टी. मग काम उरकलं नाही तर मुक्काम, किंवा परत रात्रीची सिद्धेश्वर आहेच. या माणसाच्या दृष्टीने दीड तास वाचला की दिवसाचे साडेसहा तास खर्ची पडले?

आता पुण्याला जाणारा माणूस बघा. सव्वानऊला पुण्यात, परतीची गाडी संध्याकाळी सातनंतर. हातात दहा तास. कोर्टाची तारीख, मुलाचा कॉलेज प्रवेश, रुग्णालय, मुलाखत, सगळं एका दिवसात उरकून रात्री घरी. नावात मुंबई असली तरी वेळापत्रक बघता ही सोलापूरकरांसाठी आधी पुण्याची गाडी आहे, असं माझं गृहीतक आहे. मुंबईकरासाठी चित्र आणखी वेगळं: संध्याकाळी निघून रात्री सोलापूर, सकाळी अक्कलकोट, तुळजापूर किंवा पंढरपूर. हे खरं की खोटं ते स्थानकनिहाय तिकिटांवरून तपासता येईल. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो.

इथे एक सापळा आहे. बहुतेक जण गाडीत जाऊन प्रश्नावली भरून घेतील: 'या गाडीमुळे आपली सोय झाली का?' नव्वद टक्के लोक 'हो' म्हणतील. म्हणणारच! ज्याला वेळ सोयीची नाही, ज्याला भाडं परवडत नाही, तो त्या डब्यात नाहीच. त्याला गाठायचं तर एसटी स्टँडवर, सिद्धेश्वरच्या जनरल डब्यात, पुण्याच्या खासगी बसच्या थांब्यावर जावं लागेल. चादर-टॉवेलच्या कारखान्यातला कामगार पुण्याला कसा जातो, हे विचारल्याशिवाय 'सोलापूर जिल्ह्याचा विकास' हे शब्द शीर्षकात घालायचा आपल्याला हक्क नाही.

मग शीर्षक काय असावं?

त्या विद्यार्थिनीबरोबर आम्ही हेच सगळं दोन दुपारी कागदावर मांडलं. गाडी चांगली की वाईट, हा वाद आम्ही घातलाच नाही. गाडी देखणी आहे, घाट चढताना खिडकीतून बघायला मलाही आवडतं. आम्ही फक्त साखळी मांडली: वेगातून वेळ वाचतो का, वाचलेल्या वेळेतून सोय होते का, सोयीतून विकास होतो का. तिच्या मूळ शीर्षकाने पहिल्या कडीवरून थेट शेवटच्या कडीवर उडी मारली होती. तीन वर्षांत एका माणसाला एकच कडी नीट तपासता येते.

तिने मधली निवडली. नवं शीर्षक: 'सोलापूर–पुणे एकदिवसीय प्रवास करणाऱ्यांच्या वाहननिवडीवर वंदे भारत एक्सप्रेसच्या वेळापत्रकाचा प्रभाव : हुतात्मा एक्सप्रेस व बस प्रवाशांशी तुलना'. आधीच्या इतकं भारदस्त नाही. पण 'मोजणार कसं?' असं कोणी विचारलं, तर तिच्याकडे उत्तर आहे.

तुमच्या वहीतलं शीर्षक काढा आणि त्याला हेच प्रश्न विचारा. सरासरीच्या आत काय दडलंय? तुलना सारख्यांशी आहे का? प्रत्येक कारणाचा वाटा किती, आणि हिशोबात न बसणारा किती उरतो? नोंदवलेला आकडा आणि प्रत्यक्ष घडलेलं एकच आहे का? त्याच काळात आणखी काय बदललं? आणि ज्याच्यावर परिणाम झाला म्हणता, तो माणूस तुमच्या नमुन्यात आहे का? सहापैकी दोन प्रश्नांवर जरी अडखळलात तरी घाबरू नका. अडखळता ती जागा अधोरेखित करा. तुमचा संशोधन-प्रश्न बहुधा तिथेच आहे.